राजांच्या राजाचं ताट

गेल्या डिसेंबरात जबलपुरातल्या आमच्या मंडळीनं चर्चच्या फाटकावर एक वीस फुटी फ्लेक्स लावला. त्यावर येशूची नावं होती, सोनेरी अक्षरांत, हिंदीत. आमची मंडळी आता हिंदीच आहे. मराठी गाणं वर्षातून एकदा होतं, जुन्यांचं मन राखायला. फ्लेक्सच्या मधोमध प्रमुख पाहुण्यांचा हात जोडलेला फोटो होता. बाळ येशू डाव्या कोपऱ्यात, गव्हाणीत, पोस्टाच्या तिकिटाएवढा. शांतीचा अधिपती, समर्थ देव, राजांचा राजा ही नावं पाहुण्यांच्या डोक्याभोवती अशी मांडली होती की रस्त्यानं जाणाऱ्याला ती त्यांचीच वाटावीत. पाहुण्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

मी त्रेसष्ट वर्षांची आहे. एका सरकारी कार्यालयाच्या ग्रंथालयात चाळीस वर्षं पुस्तकं लावली, त्यामुळे कुठलं नाव कुठल्या कपाटात जावं याची मला जरा जास्तच काळजी असते. फ्लेक्स पाहून घरी आले आणि आईला त्याचं वर्णन करून सांगितलं. आई अठ्ठ्याऐंशीची. डोळ्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. ती म्हणाली, "नावं तर बरोबर आहेत ना? मग काहून जळून राहिली तू?"

त्याच संध्याकाळी मंडळीचे सेक्रेटरी घरी आले. तरुण माणूस, घाईत असलेला. कार्यक्रमात आईनं साक्ष द्यावी अशी कमिटीची इच्छा होती.

"आंटीजी, वो थालीवाली गवाही. बस पाँच मिनट. चीफ गेस्ट भी सुनना चाहते हैं."

आमच्यात साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. आईची थाळीची साक्ष चोपन्न वर्षांची आणि मंडळीत गाजलेली. आई इतकी खूश झाली की तिनं सेक्रेटरींना दोनदा चहा दिला. ते गेल्यावर मला म्हणाली, "तू लिहून दे मले. चांगल्या भाषेत. वाचून दाखव, मी पाठ करतो. मधातच विसरली तर लाज नको."

मी हो म्हटलं, वही घेतली, आणि पहिल्या ओळीवरच थांबले. कारण ती साक्ष खरी नव्हती, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

तर ती गोष्ट.

आम्ही तेव्हा फॅक्टरीच्या क्वार्टरात राहायचो. वडील कारखान्यात होते. आजोबा कधीतरी अमरावतीकडून आले, म्हणून आमची मराठी वऱ्हाडी, आणि जबलपुरात दोन पिढ्या काढल्या म्हणून तिला हिंदीचं ठिगळ. नाताळात आई फराळ करायची. करंज्या, शंकरपाळे, चिवडा, आणि केकचा एक तुकडा. केकचं मिश्रण आम्ही डब्यात घालून सदर बाजारातल्या बेकरीत घेऊन जायचो, आणि भट्टीतून आपलाच केक परत येतोय ना, यावर लक्ष ठेवत दुपारभर तिथं बसून राहायचो. मग चोवीस तारखेला ताटं निघायची, क्रोशाच्या रुमालानं झाकलेली.

इथवर सगळ्या ख्रिस्ती घरांत असंच चालतं. आईचं वेगळेपण पुढं होतं. रुमालाखाली प्रत्येक ताटावर ती एक चिठ्ठी ठेवायची आणि त्या चिठ्ठीवर येशूचं एक नाव लिहायची. प्रत्येक घराला वेगळं. शास्त्रात त्याची पुष्कळ नावं आहेत, आणि आई ती घर बघून वाटायची. रेल्वेच्या गार्डकाकांकडे 'मार्ग'. फाटकावरच्या चौकीदाराकडे 'दार'. वीज मंडळात असलेल्या शर्माजींकडे 'जगाचा प्रकाश', आणि आमच्या लाइनीत रोज संध्याकाळी वीज जायची. त्यांनी ती चिठ्ठी टोमणा समजून वर्षभर मनात ठेवली. बेकरीवाल्याला 'जीवनाची भाकर'. कमानिया गेटजवळच्या मटणवाल्याला तिनं एकदा 'देवाचा कोकरा' लिहिलं. वडिलांनी ती चिठ्ठी काढून खिशात टाकली आणि म्हणाले, "अगं, तो काय समजेल? ऑर्डर समजेल."

लिहायची मराठीतच. शेजार बहुतेक हिंदी. पण आई म्हणायची, "अक्षरं तर एकच आहेत नं. बाकी ज्याचं नाव आहे तो पाहून घेईल."

मी मोठी झाल्यावर या नावांबद्दल पुष्कळ वाचलं. कोणतं नाव कुठून आलं, कोणत्या भाषेतून, कुणी आधी वापरलं. विद्वानांच्या त्या पुस्तकांत एक गोष्ट मला कुठंच नीट सापडली नाही, जी आईच्या ताटांत होती. यातली बरीचशी नावं पदव्या नाहीत. दार, वाट, भाकर, मेंढपाळ ही कामाची नावं आहेत. ज्याला वाट हवी त्यानं वाट म्हणावं, ज्याच्या घरात पीठ नाही त्यानं भाकर म्हणावं. पदव्या सत्काराला लागतात. हाक मारायला असलीच नावं लागतात.

आई मात्र दोन ताटांच्या बाबतीत चुकत होती, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटायचं कारण नव्हतं. मी नऊ वर्षांची होते आणि ताटं पोचवण्याचं काम माझं होतं.

एक ताट वडिलांच्या साहेबांचं. ते पुण्याकडचे. बंगल्यात राहायचे आणि इतकं स्वच्छ मराठी बोलायचे की त्यांच्यासमोर आम्हाला आपलं मराठी धुवायला टाकल्यासारखं वाटायचं. त्यांच्या ताटात मोजून बारा करंज्या, अख्ख्या, काठ न मोडलेल्या. चिठ्ठीवर 'राजांचा राजा'. वडिलांची पदोन्नती अडलेली होती. आईनं त्यासाठी ते नाव निवडलं असं ती कधीच कबूल करायची नाही. दुसरं ताट शेजारच्या मावशींचं. त्या भंडाऱ्याकडच्या, बौद्ध. नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला, आणि स्वतः फॅक्टरीच्या दवाखान्यात आया. त्यांच्या ताटात आठ करंज्या आणि चिठ्ठीवर दर वर्षी 'दुःखाची ओळख असलेला'. तेही येशूचंच नाव आहे, शास्त्रातलं.

घरी आम्हा मुलांना करंज्या मिळायच्या त्या तुटलेल्या. सारण बाहेर आलेल्या, तळताना फुटलेल्या. अख्ख्या करंज्या ताटांच्या. हा घरचा नियम होता आणि माझ्या मते अन्यायाचा होता.

त्या वर्षी चोवीस तारखेच्या दुपारी दोन्ही ताटं एकावर एक घेऊन मी निघाले. पाण्याच्या टाकीपाशी कडुनिंबाच्या पारावर बसले, रुमाल बाजूला केले, दोन्ही चिठ्ठ्या उचलून मांडीवर ठेवल्या आणि साहेबांच्या ताटातली एक अख्खी करंजी खाल्ली. शेवटचा घास तोंडात असतानाच जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. फॅक्टरीचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे त्यांनाच कळेल. भोंग्यानंतर दोन मिनिटांत गेटमधून हजारो सायकली सुटायच्या, आणि त्यातली एक वडिलांची. मी चिठ्ठ्या हाताला लागतील तशा ताटांत खुपसल्या, रुमाल ओढले आणि पळाले.

बंगल्यावर साहेबांच्या शिपायानं, अर्दलीनं, ताट घेतलं. मग मी मावशींकडे आले. त्या दुपारच्या पाळीवर निघायच्या तयारीत होत्या. पातळाला पिना लावता लावता त्यांनी चिठ्ठी उचलली आणि मोठ्यानं वाचली.

"राजांचा राजा."

मी ओठांवरचं उरलेलं सारण चाटून टाकलं.

मावशींनी चिठ्ठी उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. "काहून बाई, यंदा बदललं? आमच्या घरी राजा? खुर्ची तर एकच हाय, तिचाही पाय हलते." मग त्या हसल्या. मी त्यांना तीन वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "तुमचा राजा गोठ्यात जन्मला नं? आमचा महाल सोडून निघून गेला होता. दोघायलेही खुर्ची नाही लागत. चल, जमते." त्यांनी भात चिकटवून ती चिठ्ठी लोखंडी पेटीच्या झाकणावर लावली आणि दवाखान्यात गेल्या.

घरी मी काही बोलले नाही. साहेबांना काय गेलंय हे मला ठाऊक होतं आणि वडिलांची नोकरी गेली असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. नाताळ तसाच गेला. केक मला गिळवेना. आईला वाटलं पोट बिघडलंय, आणि कारण चुकीचं असलं तरी निदान बरोबर होतं.

सव्वीस तारखेला संध्याकाळी साहेब आमच्या दारात उभे. जीप नाही, अर्दली नाही, पायी, हातात आमचं ताट. एरवी ताट अर्दली आणायचा, त्यात मूठभर साखर, कारण रिकामं ताट परत देत नाहीत. त्या दिवशी ताटात साखर नव्हती. चिठ्ठी होती. वडील बनियनवर होते. ते सदरा घालायला आत पळाले ते पाच मिनिटं बाहेरच आले नाहीत.

साहेबांनी आईला विचारलं, "हे नाव तुम्ही कसं निवडलंत?"

आईनं चिठ्ठी वाचली. 'दुःखाची ओळख असलेला'. मी दाराआड होते आणि मला तिचा चेहरा दिसत होता. तिला आपलं अक्षर ओळखू आलं, पण ते नाव या ताटावर कसं आलं ते कळलं नाही. ती म्हणाली, "मी नाही निवडलं, साहेब."

ते अक्षरशः खरं होतं. साहेबांनी त्याचा घेतला तो अर्थ वेगळा होता.

मग ते बसले. त्यांच्या पत्नी महिनाभर दिसत नव्हत्या. भाचीच्या लग्नाला गेल्यात असं सगळ्यांना सांगितलेलं होतं. त्या नागपूरच्या दवाखान्यात होत्या आणि डॉक्टर फारसं बोलत नव्हते. साहेबांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण साहेबांनी अशा गोष्टी सांगायच्या नसतात. दिवसभर लोक सलाम करत होते, आणि त्या चिठ्ठीनं पहिल्यांदा त्यांना कसे आहात असं विचारल्यासारखं झालं होतं. असं ते म्हणाले, त्याच धुतलेल्या मराठीत, पण आवाज धुतलेला नव्हता.

पुढं दोन महिने आईनं त्यांच्याकडे डबा पाठवला. बाई परत आल्या, तीन वर्षं जगल्या, आणि त्या तीन वर्षांत आमच्या स्वयंपाकघरात येऊन ओट्यापाशी बसायच्या. चिठ्ठी साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली होती; वडिलांनी ती स्वतः पाहिली. वडिलांची पदोन्नती मात्र झाली ती आपल्या नंबरानं, यथावकाश. देवानं त्यात लक्ष घातल्याचं दिसत नाही.

आणि आईला साक्ष मिळाली. त्याच वर्षाच्या शेवटच्या रविवारी ती चर्चमध्ये उभी राहिली. म्हणाली, मी माझ्या हातानं एक नाव लिहिलं होतं. वाटेत देवानं ते बदललं. बायका रडल्या. मी पहिल्या बाकावर बसून स्वतःच्या बुटांकडे पाहत होते. तेव्हा सांगायला हवं होतं. मग पुढच्या वर्षी. मग वडील वारले तेव्हा आई त्या साक्षीला धरूनच उभी राहिली: ज्यानं चिठ्ठी बदलली तो आपल्याला विसरलेला नाही. तेव्हा कसं सांगणार? मी पुस्तकं वाचत गेले, माझा विश्वास पातळ होत गेला, आणि हा एक चमत्कार तेवढा मला पक्का माहीत होता, कारण तो मी केलेला होता.

आता ती मला तो लिहून द्यायला सांगत होती. माझ्या अक्षरात.

दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आई अंगणात उन्हात बसली होती. म्हणाली, "लिहिलं का नाही अजून? मी मेल्यावर देशील?"

मी तिच्याजवळ वेताचा मोडा ओढून बसले. "आई, ती चिठ्ठी देवानं नाही बदलली. मी बदलली."

"कोणती?"

"साहेबांची. टाकीपाशी मी करंजी खाल्ली. चिठ्ठ्या काढून ठेवल्या होत्या. भोंगा झाला, आणि घाईत उलट्या गेल्या."

तिनं उन्हाकडे तोंड वळवलं. मग तिनं अगदीच वेगळं विचारलं. "घरी डबाभर करंज्या होत्या. तिथली काहून खाल्ली?"

"घरच्या तुटक्या होत्या."

"हं," आई म्हणाली. "अन् चोपन्न वर्षं चूप बसली. आज काहून सांगून राहिली?"

"आज तू मला लिहायला सांगून राहिली म्हणून."

तिनं मला आत जायला सांगितलं. मी चहा केला तो तिनं घेतला नाही. रात्रीची प्रार्थना ती नेहमी मोठ्यानं करते. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही तिच्या खोलीतून आवाज आला नाही. मी स्वतःला पुष्कळ शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या, सत्य वगैरे. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या हातातली काठी काढून घ्यायची आणि म्हणायचं, पाहा, ही काठी नव्हतीच. असलं सत्य ग्रंथालयात शोभतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं हाक मारली. पलंगावर बसून होती.

"दुःखाची चिठ्ठी साहेबाकडे गेली, तर राजांचा राजा कुठं गेला?"

मी सांगितलं. मावशींची पाय हलणारी खुर्ची, गोठ्यातला राजा, महाल सोडलेला राजा, भातानं चिकटवलेली चिठ्ठी. ती पेटीवर कितीतरी वर्षं होती, पिवळी पडेपर्यंत. मी जाता येता पाहायची.

"मले काहून नाही सांगितलं तिनं?"

"तिला वाटलं तूच पाठवलंस. आणि तू कधी विचारलं नाहीस. तू साहेबांचीच गोष्ट सांगत राहिलीस."

हे मी बोलायला नको होतं, पण बोलले. आई हातानं चादरीची शिवण चाचपत होती.

"तीन साल मी तिले दुःखच पाठवून राहिली होती," ती शेवटी म्हणाली. "तिच्या घरी ते कमी होतं का? अन् राजा बंगल्यावर." मग डोळे पुसले. ते डोळे तसेही पाझरतात, त्यामुळे मी नक्की सांगू शकत नाही. "हसली म्हणते?"

"हसली. दवाखान्यात जाईपर्यंत हसत होती."

आईनं मला फोन लावायला सांगितला. सेक्रेटरींना म्हणाली, "बेटा, वो गवाही कच्ची निकली. मैं नहीं बोलूँगी."

"अरे आंटीजी, कार्ड में छप गया है!"

"तो छपा रहने दो. उसमें और भी बहुत कुछ छपा है."

त्या पाच मिनिटांत प्रमुख पाहुण्यांचा शालीनं सत्कार झाला, असं नंतर कळलं. आई ती साक्ष पुन्हा कुणाला सांगताना मी ऐकलेली नाही. तिच्या जागी दुसरं काही आलं का, हे मी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. प्रार्थनेचा आवाज परत सुरू झाला, पूर्वीपेक्षा हळू.

चोवीस तारखेला ताटं निघाली. आता चारच घरं उरलीत. चिठ्ठ्या मीच लिहिते, आई नावं सांगते. रांझीला मावशींची मुलगी राहते, शाळेत शिकवते. तिच्यासाठी आईनं नाव सांगितलं नाही. "तूच लिही," म्हणाली. मी 'राजांचा राजा' लिहिलं, पूर्ण शुद्धीत, आणि ऑटोनं जाऊन ताट दिलं. तिनं चिठ्ठी वाचली, आत गेली, आणि बाहेर आली ती मला जुन्या पेटीचं झाकण दाखवायला बोलवत. चिठ्ठी केव्हाच गेलेली होती. भाताचा चौकोनी डाग होता.

परत आले तर घराचं दार आतून बंद. वाजवलं. आतून आई म्हणाली, "कोण आहे?"

"मी आहे, आई."

"ठीक आहे. बाहेर स्टुलावर ठेवलं आहे ते घे, अन् मग ये."

स्टुलावर ताट होतं, क्रोशाच्या रुमालाखाली. घरच्यांना ताट द्यायची पद्धत आमच्याकडे कधीच नव्हती. करंज्या अख्ख्या होत्या, काठ न मोडलेल्या. वर चिठ्ठी. अक्षर आईचं, आंधळ्या हाताचं, ओळ सोडून खाली उतरलेलं. एकच शब्द होता.

चोर.

मी दार वाजवलं. "आई, हे त्याचं नाव नाही."

"आहे," आई आतून म्हणाली. "चोरासारखा येईन म्हणाला आहे तो. कोणाले न सांगता. तू तर लायब्रेरीत होती, तुले माहीत पायजे."

तिनं कडी काढली. मी ताट टेबलावर ठेवलं आणि सवयीनं मोजलं. अकरा करंज्या होत्या.

"एक कमी आहे," मी म्हटलं.

आई पदरानं ओठ पुसत खुर्ची चाचपत बसली. "वाटेत होते एखादी कमी," म्हणाली.